शेवटून दुसरी

"ताई, राग नका मानू, पण तुमच्या लेकीला त्या बाकावरून उठवू नका."

मी स्कूटी स्टँडवर लावत होते. बोलणाऱ्या होत्या गयाबाई. बिडवे सरांच्या क्लासमध्ये त्या झाडलोट करायच्या आणि मुलं सुटेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून असायच्या.

"कोणत्या बाकावरून?"

"शेवटच्या. ती बिराजदाराची पोर हाय ना, शिवगंगा, तिच्यापाशी बसती तुमची ऋजू. हात धरून बसती तिचा. तिला तितंच राहू द्या."

आता मला सांगा, चोवीस मुलांच्या क्लासमध्ये जिची मुलगी सलग चार आठवडे तेविसावी आली आहे, त्या आईला हे ऐकून काय वाटेल? माझी तर कानशिलं तापली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही झाडायचं बघा. तिच्या अभ्यासाचं मी बघते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

चार वर्षं झाली याला. आम्ही तेव्हा उदगीरला राहायचो. नवरा वीज खात्यात, सतत फिरतीवर. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, नोकरी न केलेली. त्यामुळे सगळी पदवी मी ऋजुतावर खर्च करत होते. तिनं पोळ्या किती खाल्ल्या, रात्री किती वेळा खोकली, कुठल्या मैत्रिणीनं तिचा खोडरबर परत केला नाही, सगळं माझ्या डोक्यात टिपलेलं. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं, लेकराला जरा श्वास घेऊ दे." मला वाटायचं, यांना काय कळतंय, माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हाच तर माझा गुण.

ऋजू पाचवीत होती. पाचवीला स्कॉलरशिपची परीक्षा, आणि तिच्यात एक पेपर बुद्धिमत्तेचा. आकृत्या, क्रम, नाती, चार पर्याय, एक गोल काळा करायचा. उदगीरमध्ये त्यासाठी बिडवे सर प्रसिद्ध. त्यांची पद्धत अशी, की दर शनिवारी पन्नास प्रश्नांची चाचणी आणि सोमवारी नंबरानं बसायचं. बारा बाकं. पहिल्यावर पहिला आणि दुसरा, शेवटच्यावर तेविसावा आणि चोविसावा. सुटीही बाकाबाकानं. पहिला बाक आधी, मग दोन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. शेवटचा बाक बाहेर पडेपर्यंत वीस-बावीस मिनिटं जायची. रस्त्यावर गर्दी होऊ नये म्हणून, असं सर सांगत. पण आम्ही बाहेर उभ्या असलेल्या आयांना त्याचा खरा अर्थ बरोबर कळायचा. पहिल्या बाकाच्या आया पोरांना घेऊन मान वर करून निघून जात. माझ्यासारख्या उरत.

गयाबाई मला ते बोलल्या, त्याच आठवड्यात सरांनी मला आत बोलावलं.

"मंद म्हणत नाही मी, मॅडम," ते म्हणाले. "आम्ही तो शब्दच वापरत नाही. पण कसं असतं, देवानं प्रत्येकाला एक भांडं दिलेलं असतं. कुणाचं लिटरचं, कुणाचं पावशेराचं. आम्ही ओतून ओतून किती ओतणार?"

"शाळेत तर तिला चांगले मार्क आहेत, सर."

"शाळेत पाठांतर असतं. बुद्धिमत्ता शिकवून येत नाही. ती असावी लागते."

मग तुम्ही क्लास कशाचा घेता, हे मी विचारायला हवं होतं. मी मान हलवली. विचारलं ते हे: "तिची जागा बदलली तर?"

"जागा मी बदलत नाही. जागा मार्क बदलतात. संगत मात्र तुम्ही बघा. ती बिराजदारांची मुलगी, वडील डाळमिलमध्ये हमाल, घरी कुणी बघणारं नाही, वर्गात नुसती भिंतीकडे बघत असते. दोनदा हाक मारावी लागते. तुमची मुलगी तिला चिकटलीय. असं लागतं हो."

लागतं! जणू खरूज.

घरी आल्यावर मी ऋजूला समोर बसवलं. ती शांत मुलगी. रडली नाही, नजरही चुकवली नाही.

"तुला खरंच येत नाही का हे?"

"आई, शिवगंगाला ना..."

"शिवगंगाचं मला काही सांगू नकोस! आधी तुझे मार्क बघ. या शनिवारी वरच्या पाचात आली नाहीस, तर हा क्लास बंद आणि त्या मुलीशी बोलणंही बंद."

ती नखानं टेबलाचा सनमायका कुरतडत होती.

"आणि पहिली आले तर? बोलू देशील तिच्याशी?"

"पहिली आलीस तर खुशाल बोल."

"मग पहिल्या बाकावर ती माझ्याशेजारी बसली तर चालेल?"

"तिला म्हणावं, दुसरा नंबर काढ," मी म्हटलं आणि हसले. हो, हसले मी. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

शनिवारी ऋजूला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. आदल्या शनिवारी सतरा होते.

सतरावरून एकोणपन्नास, सात दिवसांत! जी बाई तीन वर्षं संख्याशास्त्र शिकली, तिनं हा आकडा बघून काय करावं? मी पेढे आणले. शेजारी वाटले. बिडवे सरांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'योग्य वेळी दिलेल्या मार्गदर्शनाचा परिणाम.' त्याखाली मी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सोमवारी ऋजू पहिल्या बाकावर बसली. सुटताना पहिली बाहेर आली. मी मान वर करून तिचं दप्तर घेतलं. ती मात्र फाटकाशी उभी राहिली.

"आई, थोडं थांबू या."

"कशाला?"

"शिवगंगा येऊ दे. तिला रस्ता ओलांडून देते मी रोज."

"दहा वर्षांची घोडी आहे ती. बस गाडीवर."

मंगळवारीही तेच. बुधवारी ती पंधरा मिनिटं गाडीवर बसायलाच तयार नव्हती. मी दंड धरून बसवलं. रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला बराच वेळ लागला. तिथेच फळवाल्याकडे मी केळी घ्यायला थांबले. ऋजू मागे वळून बघत होती. अचानक तिनं माझी ओढणी इतक्या जोरात ओढली की माझा तोल गेला.

"आई! ती बंद पडली! रस्त्यात बंद पडली!"

मी वळले. रस्त्याच्या मधोमध शिवगंगा उभी होती, दप्तर एका खांद्यावर. चालता चालता मध्येच थांबलेली. तुरीच्या पोत्यांचा टेम्पो येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लोक ओरडत होते, आणि ती पोर हललीसुद्धा नाही. शेवटच्या क्षणी त्यानं टेम्पो वळवला म्हणून जीव वाचला. मागची फळी लागली. डावा पाय मोडला, उजवी भुवई फाटली.

गयाबाई चपला न घालता धावत आल्या. त्यांनी पदराचा बोळा त्या भुवईवर दाबून धरला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी ऋजूला घेऊन दवाखान्यात गेले. शिवगंगाचा पाय प्लास्टरमध्ये, आई महानंदा उशाशी, वडील खाटेच्या कडेला. दोघंही अपराध्यासारखे. काझी डॉक्टर मॅडम तपासायला आल्या. तरुण होत्या, घाईत नव्हत्या.

"बाळा, रस्त्यात थांबलीस का गं?"

"मी नाही थांबले," शिवगंगा म्हणाली.

वडिलांनी कपाळाला हात लावला. "अशीच हाय बगा ही, म्याडम. ध्यानच नसतंय. जेवताना घास हातातच ऱ्हातो. मारून बगितलं, समजावून बगितलं."

"आमची सासू म्हनती बाहेरचं हाय," महानंदा पुटपुटली.

"ती थांबत नाही," ऋजू म्हणाली. "ती बंद पडते. मग चालू होते. मधलं तिला माहीतच नसतं."

मी तिला गप्प करणार होते. डॉक्टरांनी हातानंच मला गप्प केलं आणि त्या सरळ ऋजूकडे वळल्या.

"किती वेळ बंद पडते?"

"दहा मोजेपर्यंत. कधी चौदा. एकदा वीस झाले होते."

"दिवसातून किती वेळा?"

"घरचं मला माहीत नाही. क्लासमध्ये चार-पाच वेळा. तेव्हा तिच्या पापण्या अशा बारीक बारीक उडतात. पेन्सिल सुटत नाही हातातून. मी तिच्या पुस्तकावर बोट ठेवून बसते."

"बोट का?"

"ती परत आली की तिला कळायला हवं ना, आपण कुठे होतो. नाही तर ती घाबरते. सगळे पुढे गेलेले असतात."

डॉक्टरांनी आपल्या वहीतल्या कागदाची एक पट्टी फाडली आणि शिवगंगाच्या तोंडासमोर धरली. "याच्यावर फुंकर मार. ती पडू द्यायची नाही. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

शिवगंगा फुंकर मारायला लागली. पट्टी फडफडत राहिली. एक मिनिट झालं असेल, जास्तही असेल. आणि पट्टी खाली आली. शिवगंगाचे डोळे उघडे, आमच्याकडेच बघणारे, पण त्यांत कुणी नव्हतं. पापण्या बारीक उडत होत्या.

"एक, दोन, तीन..." ऋजू मोजत होती. सवयीनं, शांतपणे. एका हातानं तिनं शिवगंगाची बोटं धरली होती. "...नऊ, दहा, अकरा."

अकराला शिवगंगानं फुंकर मारली. पट्टी पुन्हा वर उडाली. मध्ये काही घडलंच नाही, अशी ती पोर फुंकत राहिली.

महानंदानं तोंडात पदर कोंबला.

"बाहेरचं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "फिटचीच एक तऱ्हा आहे ही. मूल पडत नाही, फेस येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. लातूरला चिठ्ठी देते, मेंदूचा आलेख काढून आणा. औषधानं बहुतेक मुलांचं आटोक्यात येतं. फक्त गोळी मनानं बंद करायची नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मला पंधरा वर्षं शाळेत शिकवणारे लोक सांगू शकत नाहीत. हिला कुणी शिकवलं?"



परतताना मी ऋजूला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तू म्हणालीस, आधी तुझे मार्क बघ."

त्या दुपारी मी तिच्या चाचण्यांचे कागद काढले. दर आठवड्याला ते पालकांच्या सहीसाठी घरी येत आणि मी वरचा आकडा बघून चिडून सही करत असे. त्या दिवशी पहिल्यांदा खालचे गोल बघितले. सतरा मार्कांचा कागद. पहिले सतरा प्रश्न बरोबर. सलग. पुढचे तेहतीस चूक. सगळे.

दुसरा कागद. पहिले सोळा बरोबर, चौतीस चूक. तिसरा, चौथा, तसेच.

चार पर्याय असलेले तेहतीस प्रश्न डोळे मिटून सोडवले, तरी आठेक आपोआप बरोबर येतात. ज्याला काहीच येत नाही, त्याचेही येतात. एकसुद्धा बरोबर येऊ नये, यासाठी तेहतीसच्या तेहतीस उत्तरं पक्की माहीत असावी लागतात.

"ऋजू, हे तू मुद्दाम केलंस?"

"हो." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "शिवगंगाला चौदा-पंधरा येतात. तिचे मध्येच बरेच प्रश्न राहून जातात ना. पुढच्या बाकावरच्या ओंकारला वीसच्या खाली येत नाहीत. मग मी मध्ये बसते."

"कधी चुकलं असतं तर?"

"शेवटची दहा मिनिटं मी तिचे काळे केलेले गोल मोजायचे. मग माझे ठरवायचे."

आता एक गोष्ट कबूल करते, कारण ती लपवली तर या लिहिण्याला अर्थ नाही. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आनंद आला. माझ्या मुलीला सगळं येतंय! एक दुसरी मुलगी पाय मोडून पडली होती, आणि माझ्या छातीतला महिन्याभराचा दगड उतरला होता तो यामुळे. क्षणभरच. पण आला.

दुसऱ्या दिवशी मी ते कागद घेऊन क्लासला गेले. पायरीवर गयाबाई होत्या.

"मावशी, तुम्हाला कळलं होतं, तर तुम्ही सरांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. दिवाळीच्या आधीच." त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "सर म्हनले, तू झाडायचं बघ."

माझेच शब्द.

आत सरांच्या टेबलावर मी चारही कागद मांडले. शिवगंगाचा आजार सांगितला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष गोलांकडे होतं. क्लासमधले पेपर बारावीतली मुलं तपासत, भोकं पाडलेला पुठ्ठा वर ठेवून. भोकांतून दिसतील तेवढे काळे ठिपके मोजायचे आणि आकडा टाकायचा. बुद्धिमत्तेचा पेपर, आणि तो तपासणारं कुणी पुठ्ठ्याखाली बघत नव्हतं. सर पहिल्यांदाच बघत होते.

"थांबा," ते म्हणाले. "म्हणजे तिनं प्रत्येकाचे मार्क आधी धरले, आपले त्यांच्यामध्ये बसवले, आणि तेही दर आठवड्याला?" ते उठून उभे राहिले. चेहरा फुलला होता. "मॅडम, जिनियस आहे हो पोरगी! इतकी वर्षं शिकवतोय, असं डोकं बघितलं नाही. हिचा फोटो आपण चौकातल्या फ्लेक्सवर मधोमध लावू!"

"सर, ती हात धरून बसायची. म्हणून तुमच्या वर्गात एक मुलगी सुरक्षित होती. तुम्ही त्यासाठी तिला पावशेराचं भांडं म्हणालात."

"ते झालं. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

"गयाबाईंना माहीत होतं."

"गयाबाई?" ते हसले. "मॅडम, त्यांचं सोडा. या डोक्याचं चीज करायचं बघू आपण. हळवेपणा आहे तिच्यात थोडा, तो जाईल."

"आणि शिवगंगा?"

"तिच्या वडिलांना मी निरोप दिलाय. त्रास होणारी मुलं नकोत आपल्याकडे. बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

जबाबदार कोण! तीन दिवसांपूर्वी त्यांच्या दारात, त्यांच्या सुटीच्या पद्धतीमुळे ती पोर एकटी रस्त्यावर उतरली होती.

माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतली मुलं उठून दारात आली. मी काय काय बोलले, ते सगळं आठवत नाही. इतकं आठवतं, की मी म्हणाले, "तो हळवेपणा नाही, सर. त्या खोलीत तेवढी एकच जण नीट बघत होती, आणि ती दहा वर्षांची होती. दुसऱ्या बघणाऱ्या होत्या, त्यांना तुम्ही केर काढायला लावलंत." सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात." मी कागद गोळा केले आणि निघाले. पुढच्या आठवड्यात ग्रुपवरून माझं नाव काढलेलं होतं. पुढच्या पावसाळ्यात स्कॉलरशिपचा निकाल लागल्यावर चौकात फ्लेक्स लागला. ऋजूचा फोटो त्यांनी शाळेच्या ओळखपत्रावरून मिळवला होता, मधोमध. नवऱ्यानं आणि मी शिडी लावून आमच्या हातानं तो भाग कापून काढला.

शिवगंगाला गोळी लागू पडली. दोन महिन्यांनी काझी डॉक्टरांनी पुन्हा कागदाची पट्टी धरली, आणि पट्टी खाली आली नाही. मुली दोघीही टाळ्या पिटत होत्या. त्या वर्षी शाळेत शिवगंगाला गणितात अठ्ठ्याहत्तर मिळाले. जी मुलगी दोन तासांत पाच वेळा नाहीशी व्हायची, ती इथे नसताना जे जे बोललं गेलं ते न ऐकताही चौदा-पंधरा उत्तरं बरोबर आणत होती, हे कुणी मोजलं होतं का? कुणी नाही. मीही नाही.

मग बिराजदार कुटुंब सोलापूरला गेलं. अक्कलकोट रोडच्या बाजूला कुठल्याशा शिलाईच्या कारखान्यात दोघांनाही काम मिळालं. सुरुवातीला महानंदाचा फोन यायचा. शेवटचा आला, तेव्हा ती दबक्या आवाजात बोलत होती. "ताई, सासूबाईंनी गोळी बंद करायला लावलीय. म्हनत्यात, पोरीला फिट येत्यात असं भावकीत कळलं तर उद्या लगीन कोन करील? तशी आता बरीच हाय ती. कवातरी होतंय." मी ओरडले, विनवलं, डॉक्टरांशी बोलणं करून देते म्हटलं. ती "बगते" म्हणाली. त्यानंतर तो नंबर लागत नाही. मी दोनदा सोलापूरला जाऊन आले. पत्ता नाही, कारखान्याचं नाव नाही. फाटकाफाटकाशी विचारत फिरले. एका ठिकाणी वॉचमननं विचारलं, "तुमची कोण लागते?"

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी सोलापूरला त्या बाजूला राहत असेल, तर एवढं करा. शिवगंगा बिराजदार, आता चौदा वर्षांची असेल. उजव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे, डाव्या पायानं किंचित लंगडते. सकाळी शाळेच्या वेळी किंवा संध्याकाळी कारखाने सुटताना दिसेल. ती मध्येच थांबलेली दिसली, तर ओरडू नका, हलवू नका, नुसतं शेजारी उभं राहा; ती परत येईल. मग तिच्या आईला भेटा, आणि गोळी चालू आहे का, हे विचारा. आईनं "बगते" म्हटलं, तर उठू नका. पुन्हा विचारा.